स्पायना बिफिडा : घरात कोण काय करतं? सगळं आईनेच करायचं का?

माणदेशी_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, यंदा पहिलीत गेला. जन्मतः पाठीवर गाठ होती, मायलोमेनिन्गोसील, म्हणजे स्पायना बिफिडाचाच प्रकार, पोटात असताना मणक्याची नळी नीट बंद होत नाही तो. लगेच ऑपरेशन झालं, मग डोक्यात पाणी वाढायला लागलं म्हणून शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, टाकला. आता पायात एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारा साचा) घालून वॉकरवर चालतो, लांब जायचं असेल तर व्हीलचेअर. बोलायला एकदम पोपट, गावातल्या सगळ्या ट्रॅक्टरचे नंबर पाठ. लघवीचं कळत नाही त्यामुळे दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची ट्यूब घालायची, आणि रात्री जेवण झालं की शौचाचं बघायचं ते वेगळं.

माझा प्रश्न औषधोपचाराचा नाहीये, डॉक्टर चांगले मिळालेत. प्रश्न घराचा आहे. कॅथेटर घालायला घरात फक्त मला येतं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. दुपारचं करायला मी शाळेत जाते, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीमागच्या अडगळीत करून येते. म्हणजे दिवसभरात मला कुठेही जायचं तर चार तासांच्या आत परत. सख्ख्या मावसबहिणीच्या लग्नात अक्षता टाकून जेवायला न थांबता आले.

मिस्टर एमआयडीसीत आहेत, शिफ्ट ड्युटी. वाईट माणूस अजिबात नाही हो, पैशाला कधी नाही म्हणाले नाहीत, मुंबईला दाखवायला जायचं असलं की रजा टाकून येतात. पण कॅथेटर म्हटलं की हात मागे. "मला जमणार नाही, त्याला लागलं तर?" सासूबाई जीव टाकतात पोरावर, पण सारखं कडेवर. एएफओ घातला की तासाभरात काढून ठेवतात, लेकराला रुततंय म्हणून. शाळेतून आला की शर्टाची बटणंसुद्धा त्या काढतात, त्याला काढता येतात तरी.

आणि मोठी मुलगी आहे, दहा वर्षांची. तिचं मला जास्त लागलंय. मागच्या महिन्यात दोन दिवस अंगात ताप घेऊन शाळेत गेली, सांगितलंच नाही. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली तू परत दवाखान्यात गेलीस तर मला आजीकडे राहायला लागतं.

मी आधी पतसंस्थेत होते, आता ते परत बोलावतायत, जागा रिकामी झालीय. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या आणि याचं कोण बघणार. आता याला काय उत्तर द्यायचं? तुमच्याकडे कामं कशी वाटून घेतलीत? नवऱ्याला कसं शिकवलं? मोठ्या भावंडांचं काय करता? परवा एका कार्यक्रमात एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, ग्रहण पाळलं नव्हतंस का गं तेव्हा. मी काही बोलले नाही, पण तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये.

गोदाकाठची

ताई, आधी पतसंस्थेला हो सांगून टाका. बाकीचं मागून होतं. मी हे गमतीत म्हणत नाहीये, तुम्ही घरात आहात तोपर्यंत कोणीही शिकणार नाही, कारण कोणाला गरजच नाहीये.

माझी लेक तेरा वर्षांची आहे, आम्ही नाशिकचे. आमच्याकडेही पहिली काही वर्षं फक्त मीच करायचे. मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि आता काय करायचं म्हणून नुसती धावपळ. तेव्हा आमच्या बालशल्यचिकित्सकांकडच्या सिस्टरनी नवरा आणि माझी जाऊ दोघांना बसवून शिकवलं. एका दुपारचं काम. त्यांनी एक गोष्ट चांगली सांगितली, लोकांना वाटतं ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक सगळं लागतं म्हणून घाबरतात. तसं नाहीये, हात साबणाने स्वच्छ धुवायचे, ट्यूब स्वच्छ, बस. ही पद्धतच मुळात तशी आहे, १९७२ पासून जगभर अशीच करतात आणि कितीतरी मुलांच्या किडन्या त्यावर वाचल्यात. चुकून एखादा जंतू आत जाण्यापेक्षा लघवी तुंबून प्रेशर वर किडनीला जाणं जास्त धोक्याचं. हे वाक्य मिस्टरांना ऐकवा, आणि शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. बायकोचं ऐकलं तर कमीपणा वाटतो, डॉक्टरचं ऐकलं तर माहिती मिळाली असं वाटतं 😄

आमच्याकडे मी फ्रिजवर तक्ता लावलाय, वेळा आणि कोणाची पाळी. शनिवार रविवार पूर्ण बाबांचे. मी त्या दिवशी विचारत पण नाही झालं का म्हणून. सुरुवातीला पोटात गोळा यायचा, पण विचारलं की ते काम परत आपल्याकडेच येतं.

अजून एक, शंट बिघडल्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजेत. डोकं दुखणं, उलट्या, नेहमीपेक्षा जास्त झोप, चिडचिड, डोळे खाली गेल्यासारखे दिसणं, झटका. आमच्या शेजारच्या काकूंनासुद्धा सांगून ठेवलंय. उलटी झाली की "काहीतरी बाधलं असेल" म्हणून ओवा देत रात्र काढायची नाही, सरळ न्यूरोसर्जन गाठायचा. यात आजीने घाबरून फोन केला आणि काही निघालं नाही तरी आजीला नावं ठेवायची नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी त्या फोनच करणार नाहीत.

शौचाचं म्हणाल तर रात्रीच्या जेवणानंतर बसवता ते बरोबरच आहे, पोट भरलं की आतडी हलतात. वेळ बदलायची नाही, पाहुणे असोत की सण. पावडर आणि एनिमा यातलं काय ते डॉक्टर ठरवतील, पण वेळ पाळणं हे घराचं काम आहे आणि ते आजीला उत्तम जमतं.

ग्रहणाचं. मलाही विचारलंय, एकदा नाही. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेलेत हेच माहीत नसतं, पाळी चार-आठ दिवस लांबलीय एवढंच कळतं, ग्रहण कुठून पाळणार? फोलिक अ‍ॅसिडचा संबंध आहे हे नक्की, म्हणून तर मूल हवं असं ठरवल्यापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. आणि ज्यांना आधीचं मूल असं झालंय त्यांना त्याच्या दहापट डोस. १९९१ साली मोठा अभ्यास झाला होता, त्यात असा मोठा डोस घेणाऱ्या बायकांमध्ये दुसऱ्या वेळी हा दोष होण्याचं प्रमाण जवळपास पाऊण हिश्श्याने कमी झालं. माझ्या धाकट्याच्या वेळी मी तीन महिने आधीपासून डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलं होतं, तो व्यवस्थित आहे. पण फोलिक घेऊनही काहींना होतं, त्यात अनुवंश असतो, आईला साखर असणं, फिटच्या काही गोळ्या, बरंच काही. त्या बाईंना उत्तर द्यायची गरज नव्हतीच, पण घरात तरुण नणंदा, पुतण्या असतील तर त्यांना फोलिकचं जरूर सांगा. तेवढा उपयोग होऊ द्या या प्रकरणाचा.

चाकणचा_बाप

मी पण शिफ्टवालाच, म्हणून दादांच्या बाजूने दोन शब्द 🙏

लागेल याची भीती खरी असते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पोरगं निवांत मोबाईलवर कार्टून बघत होतं आणि मला घाम फुटलेला. बऱ्याच पोरांना तिथे फारसं जाणवत नाही, जेल लावून हळू सरकवलं आणि अडलं की जोर न लावता थांबलं तर काही होत नाही. आठवडाभरात सवय होते. आता मी नाईटवरून आलो की सहाचं मीच करतो आणि मग झोपतो, बायकोला तेवढीच सकाळची झोप.

पण दादांना पटेल असा मुद्दा सांगतो. मुलगा आहे. आज सहाचा आहे म्हणून वहिनी त्याला एसटी स्टँडवर लेडीज टॉयलेटमध्ये घेऊन जातात. दहाचा झाला की काय करणार? जेंट्समध्ये आई जाऊ शकत नाही आणि लेडीजमध्ये तो जाणार नाही. म्हणजे बापाला शिकायचंच आहे, आज नाहीतर चार वर्षांनी. मग आज शिका ना. शिवाय पुढे वयात येताना या सगळ्याबद्दल काही विचारायचं असेल तर पोरगा बापाला विचारेल, जर बाप आधीपासून त्यात असेल तर. नसेल तर गुगलला विचारेल.

वहिनींना पण एक विनंती. तो करत असताना मागे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत. आमच्या हिने पहिले काही दिवस तेच केलं, "असं नाही असं धरा", मी वैतागून सोडून दिलं होतं. मग तीच स्वयंपाकघरात जाऊन रेडिओ मोठा करून बसायला लागली तेव्हा कुठे माझं सुरू झालं.

अजून एक, लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले की आमच्याकडे प्रत्येक वेळी घाबरून अँटिबायोटिक सुरू व्हायचं. कॅथेटरवाल्या मुलांच्या लघवीत जंतू बहुतेक वेळा सापडतातच, ताप, पोटात किंवा कंबरेत दुखणं, मधेच जास्त गळणं असं काही असेल तर उपचार करतात, हे आम्हाला युरोलॉजिस्टनी नीट समजावलं. उगाच गोळ्या दिल्या की पुढे खऱ्या इन्फेक्शनला औषध लागू पडत नाही. ते ठरवायचं काम डॉक्टरचं, पण ताप लिहून ठेवायचं काम आपलं. मी घड्याळाच्या कंपनीची जुनी डायरी वापरतो, सोनोग्राफीच्या तारखा पण त्यातच.

पैशाचं पण बापाने बघावं असं मला वाटतं, निदान कागदपत्रांचं तरी. इन्कम टॅक्समध्ये अपंग मुलाच्या खर्चासाठी वजावट आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ८०डीडी), ४० टक्के किंवा वर अपंगत्व असेल तर ७५,००० आणि ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,००० वजावट. फक्त जुन्या रेजिममध्ये मिळते, आमच्या कंपनीने परस्पर नवीन रेजिम लावली होती, बघून घ्या.

हरितपर्ण

नमस्कार. आमच्या गावाकडे एका मुलाला असंच होतं, पाय लुळे. रोज तिळाच्या तेलाने पाठीच्या कण्याला आणि पायांना मालिश आणि नंतर विटेचा शेक, वर्षभर केलं, आता बरा चालतो. इंग्रजी औषधांच्या मागे धावून काही होत नाही. आजीला सांगा, जुन्या बायकांच्या हाताला गुण असतो.

फिजिओताई_कोल्हापूर

हरितपर्ण, तुमचा हेतू चांगला असेल पण कृपा करून हा सल्ला इथे कोणी घेऊ नका. मी या मुलांबरोबर काम करते म्हणून जरा कडक लिहितेय.

या मुलांच्या पायाला गरम कळत नाही. आईच्या हाताला कोमट वाटणारी वीट तशीच धरून ठेवली की त्याच्या कातडीला फोड येतो आणि तो रडत पण नाही. असे भाजलेले पाय मी पाहिलेत, बाळंतिणीच्या शेकशेगडीत भाजलेले, मोटारसायकलच्या सायलेन्सरला चिकटलेले, मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी रांगत गेलेले. देवाला गेलात तरी मोजे राहू द्यात, देव काही म्हणत नाही. आंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं आणि आधी गार पाणी मग गरम. जखम भरायला महिने लागतात कारण तिथे त्याचं वजन पडत राहतं आणि त्याला दुखत नाही. मालिशने मज्जातंतू नव्याने येत नाहीत, ज्या पातळीला दोष आहे त्यावर कोण किती चालणार हे बरंचसं ठरलेलं असतं. तेल लावून पाय हलकेच ताणणं, सांधे आखडू न देणं हे चांगलंच आहे, पण ते शिकून करायचं, पाठीच्या ऑपरेशनच्या जागी रगडायचं नाही.

माणदेशी ताई, सासूबाईंबद्दल मला बोलायचंय. त्या एएफओ काढतात कारण त्यांना पोराचं दुखलेलं बघवत नाही, आणि त्यांचं निरीक्षण अर्धं खरं असू शकतं. रुतत असेल तर? त्याला तर कळणार नाही. म्हणून त्यांनाच ते काम द्या. एएफओ काढला की पाय उजेडात धरून तळवा, घोटा, टाच, बोटांच्या मधे बघायचं. लाल झालेलं वीस मिनिटं अर्धा तासात गेलं तर ठीक, नाही गेलं तर एएफओवाल्याकडे जाऊन तेवढी जागा घासून घ्यायची. पोरं वाढतात, वर्षभरापूर्वीचा एएफओ लहान झालेला असतो आणि घरच्यांना वाटतं नातू लाडावलाय. मी एका आजींना हे शिकवलं, त्या आता चष्मा लावून टॉर्च घेऊन बसतात आणि मलाच फोन करतात, ताई डाव्या टाचेला बघा बरं का. "काढू नका" म्हणून भांडण्यापेक्षा हे बरं.

कडेवरचं मात्र थांबवा. सहा वर्षांचा पोरगा उचलून आजींची कंबर जाते आणि त्याचे हात-खांदे तयार होत नाहीत. त्याला आयुष्यभर हातांवर जगायचंय, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर. टीव्ही बघताना पालथं झोपवा, कंबर आणि गुडघे आखडत नाहीत. आणि वजन. आजी प्रेमाने तुपाचा शिरा भरवतात, इतर पोरं खेळून जिरवतात, याचं जिरत नाही, मग वजन वाढलं की चालणं सुटतं. लाडाला दुसरा मार्ग शोधा.

अजून एक राहिलं, फुगे! वाढदिवसाचे रबरी फुगे. या मुलांमध्ये लॅटेक्सची अ‍ॅलर्जी खूप जास्त असते, लहानपणापासून इतकी ऑपरेशनं आणि रबरी हातमोजे वाट्याला येतात म्हणून. दवाखान्यात, दंतवैद्याकडे, सगळीकडे आधी सांगायचं. शाळेतही.

ठाण्याची_बँकवाली

मी सत्तावीस वर्षांची आहे आणि मला स्वतःला स्पायना बिफिडा आहे. बँकेत काम करते, हँड कंट्रोलची स्कूटर चालवते. इथे सगळे पालकच लिहितायत म्हणून म्हटलं ज्याच्याबद्दल चाललंय त्याच्या बाजूनेही कोणीतरी लिहावं.

गोदाकाठची काकू, तुमचं बाकी सगळं पटलं पण तो फ्रिजवरचा तक्ता आजच्या आज काढा. मुलगी तेरा वर्षांची आहे. दूधवाला, गॅसवाला, तिच्या मैत्रिणी सगळे फ्रिज बघतात. माझ्या लहानपणी आमच्याकडे कोणीही पाहुणे आले की आई चहा टाकता टाकता माझ्या संडासाची बातमी द्यायची, आज झाली, आज नाही झाली. तिला काळजी असायची, मला कळतंय आता. पण तेव्हा मी आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून असायचे. हे शरीर माझं आहे, त्याची बातमी कोणाला द्यायची हे मी ठरवणार, एवढं घरच्यांनी पाळलं तर अर्धी लढाई तिथेच संपते.

माणदेशी ताई, तुमच्या प्रश्नात नवरा आहे, सासूबाई आहेत, लेक आहे, पण पोरगा स्वतः यादीत नाहीये. वाटणीत त्याचा पण वाटा धरा. सहा वर्षांचा म्हणजे लगेच ट्यूब घालेल असं नाही, पण त्याची पिशवी त्याने भरायची, ट्यूब, जेल, वाइप्स, जादा चड्डी. साबणाने हात त्याने धुवायचे. मग जेल त्याने लावायचं. मग शेवटी ट्यूब काढायची त्याने. असं मागच्या टोकाकडून एकेक पायरी त्याच्याकडे. मुलग्यांना दिसतं समोर त्यामुळे सोपं जातं, आम्हा मुलींना आरसा लागतो, मी आठव्या वर्षी स्वतः करायला लागले. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला आणि बाथरूमच्या दाराबाहेर आजी देवाचं नाव घेत उभी.

पण यात एक धोका आहे, तो कोणी सांगत नाही. डोक्यात पाणी आणि शंट असलेली बरीच मुलं बोलायला चुरचुरीत असतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हा एवढा हुशार आहे तर याला वेळ कशी लक्षात राहत नाही, एकामागून एक चार गोष्टी सांगितल्या तर दोनच करतो, गणितात का अडतो. आळशी आहे, लक्ष देत नाही. माझ्या बाबांनी मला या कारणासाठी खूप रागावलंय. तो आळस नसतो, त्या आजाराचाच भाग असतो, कामांचा क्रम लावणं, लक्ष टिकवणं अवघड जातं. तुमच्या ट्रॅक्टरचे नंबर पाठ असलेल्या पोराला दोन वाजता कॅथेटर लक्षात राहीलच असं नाही. व्हायब्रेट होणारं घड्याळ घ्या, एका वेळी एकच सूचना द्या, चित्रं काढून पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवा. आतल्या बाजूला!

आणि डॉक्टरांनी त्याला विचारलं तर त्यालाच बोलू द्या. मी बारा वर्षांची होईपर्यंत डॉक्टर विचारायचे कसं वाटतंय बाळ, आणि उत्तर आई द्यायची. नंतर मोठ्यांच्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तेव्हा मला माझ्या गोळ्यांची नावं येत नव्हती. लहान मुलांच्या हॉस्पिटलात सगळं एका छताखाली मिळतं, अठराव्या वर्षानंतर न्यूरो वेगळा, युरो वेगळा, हाडांचा वेगळा, आणि फाइल घेऊन फिरायचं आपण. त्याची तयारी आतापासूनच करायची असते.

मुंबईत स्पायना बिफिडा फाउंडेशन आहे, मुंबईला दाखवायला येताच तर त्यांच्याशी संपर्क करा, इतर पालक भेटतील. मिस्टरांना दुसरे बाबा भेटले की निम्मं काम होईल.

थोरला_भाऊ

मी त्या दुसऱ्या बाजूचा. माझ्या धाकट्या बहिणीला आहे, मी आता तिशीत.

ताई, मुलीला तिसरी नर्स करू नका. ती आपणहून करेल, कौतुक पण होईल, "किती समजूतदार आहे गं पोर", आणि मग ती तक्रार करायचीच बंद होईल. तापाचं तेच झालंय. तिला नीट बसवून सांगा की शंट म्हणजे काय, भाऊ मरणार आहे का (हा प्रश्न मनात असतो, विचारत कोणी नाही), तिला हे होणार आहे का, तिच्यामुळे झालंय का. मी सात वर्षांचा होतो आणि मला कित्येक दिवस वाटत होतं की आईच्या पोटावर मी उडी मारली होती म्हणून झालं. कोणाला माहीतच नव्हतं मला असं वाटतंय.

दर आठवड्याला एक वेळ फक्त तिची, त्यात भावाचा विषय नाही. माझे बाबा रविवारी सकाळी मला सायकलवर मिसळ खायला न्यायचे, बस एवढंच, पण ते कधी चुकवलं नाही. आणि नातेवाईकांसमोर "पुढे तिनेच बघायचंय त्याला" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे तोडा. पुढे काय करायचं ते ती मोठी झाल्यावर ठरवेल. मी करतो बहिणीचं, आवडीने करतो, पण मला दहाव्या वर्षी नेमून दिलं असतं तर माहीत नाही.

माणदेशी_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, कामं आवरून रात्री सगळं दोनदा वाचलं. मिस्टरांना चाकणच्या दादांची पोस्ट वाचून दाखवली, स्टँडवरच्या टॉयलेटचं ऐकून जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले पुढच्या अपॉइंटमेंटला सिस्टरना सांग मला शिकवायला. सासूबाईंना टॉर्चचं काम दिलंय. त्यांनी पहिल्याच दिवशी उजव्या घोट्याजवळ लाल चट्टा दाखवला, तासाभराने पण तसाच. म्हणजे रुततच होतं ओ खरोखर! एएफओवाल्याला फोन केलाय. आणि पोरगा पिशवी स्वतः भरतोय, त्यात ट्रॅक्टर पण टाकलाय एक.

पतसंस्थेला अजून हो म्हटलं नाहीये कारण दुपारी दोनचं अडलंय. शाळेत विषय काढला तर मुख्याध्यापक म्हणाले आमच्याकडे असं काम करणारं कोणी नाही, तुम्ही त्याला त्यापेक्षा घरीच शिकवा किंवा खास शाळेत घाला. बोलले नीट, पण सुटका करून घेतल्यासारखं. याला काय करायचं कोणाला माहितीये का? यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अजून काढलेलं नाही.

गोदाकाठची

(तक्ता काढला. बँकवालीचं बरोबर आहे. लेकीला विचारलं तर म्हणाली मी कधीची सांगणार होते.)

यूडीआयडी आधी काढा ताई, ऑनलाइन अर्ज आणि मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. त्याशिवाय पुढचं बरंच काही अडतं. जाल तेव्हा तिथल्या डीईआयसीत (मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं जिल्हा केंद्र) पण नाव घाला, आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची योजना २०१३ पासून आहे आणि तिच्या जन्मजात दोषांच्या यादीत न्यूरल ट्यूबचा दोष पहिलाच आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी.

शाळेचं. घरी बसवा असं ते सांगू शकत नाहीत. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात कलम १६ मध्ये शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी ठेवायची आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असं आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा वर अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याला हवी तर खास शाळेत मोफत शिकता येतं, निवड त्याची, शाळेची नाही. पण कायदा पहिल्या भेटीत काढू नका, मास्तर लोक बिथरतात. आधी तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात जा, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना सोबत घेऊन शाळेत जा. आम्ही तसंच केलं.

आणि अर्जात "कॅथेटर घालायला माणूस द्या" असं अजिबात लिहू नका, तिथेच ते घाबरतात. लिहा की दुपारी दोन वाजता पंधरा मिनिटं आतून कडी लागणारी स्वच्छ जागा, पाणी आणि साबण हवा, आणि घरचं एक माणूस येऊन करेल, पुढे तो स्वतः करेल. सोबत डॉक्टरांचं पत्र, त्यात वेळ आणि "वेळेवर न झाल्यास किडनीला धोका" हे स्पष्ट लिहून घ्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, शिक्क्यासकट. घरचं माणूस म्हणजे तुम्हीच असं नाही, सासरे शेतावर असतात म्हणालात का? नसेल म्हटलं तर विचारते, घरात सासरे, दीर कोणी आहे का दुपारी मोकळं? माझ्या जावेने शिकलं तसं कोणीही शिकू शकतं. पतसंस्थेची जेवणाची सुट्टी किती वाजता असते ते पण बघा, आणि शाळेपासून किती लांब आहे ते सांगा, मग बसवू काहीतरी.